दृष्ट न लागणारं नाव

माझं नाव धोंडो. एवढं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या आधार कार्डाकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे. आमच्या दोघांपैकी कोणीतरी एक थापा मारतोय, अशी त्याची खात्री झालेली असते. हळव्या मनाची माणसं विचारतात, "हे घरचं नाव असेल ना?" बाहेरचं काहीतरी बरं असेल, अशी त्यांना आशा असते. मी सांगतो, घरचं बाळू आहे. धोंडो हेच चारचौघांतलं.

नाव दुर्मीळ असण्याचे फायदे आहेत, ते नाकारून चालणार नाही. आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी एखाद्या आईने "आरव!" अशी हाक मारली की घसरगुंडीवरून दोन, झोपाळ्यावरून एक आणि झाडामागून एक अशी पोरं धावत येतात. त्यातलं आपलं कोणतं, ते तिला निवडून घ्यावं लागतं. माझ्या आईवर अशी वेळ कधी आली नाही. ईमेलचा पत्ता काढताना लोकांना नावापुढे जन्मसाल नाहीतर मोबाइलचे शेवटचे चार आकडे असलं शेपूट लावावं लागतं. माझं नुसत्या नावावर भागलं. शिवाय एकदा ऐकलेलं माझं नाव कोणी विसरत नाही. चेहरा विसरतात. "ते हो, ते धोंडो नावाचे गृहस्थ," एवढ्यावर माझी ओळख पटते आणि चहाही मिळतो.

हे नाव आलं कुठून, यावर आमच्या घरात दोन पक्ष होते. वडिलांचा पक्ष शास्त्रोक्त. पाहुण्यांसमोर ते सांगत, की धोंडो म्हणजे मूळचा ढुंढिराज. काशीला विश्वनाथाच्या वाटेवर ढुंढिराज गणपती आहे, काशीखंडात त्याची कथा आहे, ढुंढ् म्हणजे शोधणे, तेव्हा सगळे अर्थ शोधून देणारा तो ढुंढी. शेवटी ते हुकमाचं पान टाकत: चित्रपटवाल्या दादासाहेब फाळक्यांचं पाळण्यातलं नाव धुंडिराज! पाहुणे माना डोलावत. मग माजघरातून आजीचा आवाज येई, "कसला मेला धुंडिराज! दगड-धोंड्यातला धोंडा आहे तो!"

आजीचा पक्ष अनुभवावर उभा होता. माझ्या आधीची दोन भावंडं वर्षाच्या आत गेली होती. मी झालो अधिक श्रावणात, आणि अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतातच. ज्यात सूर्याची एकही संक्रांत नाही, ज्यात लग्नमुंजी करायच्या नाहीत, दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी जो न बोलावता पंचांगात येऊन बसतो, असा तो महिना. आजीने महिना आणि मूल यांची सांगड घालून टाकली. तिचं म्हणणं साधं होतं. धोंडा कुणी चोरत नाही. धोंड्याला ताप येत नाही, गोवर निघत नाही, घटसर्प होत नाही. यमाचे दूत दारात आले तरी धोंडा कशाला उचलतील? ओझं कोण वाहणार? आणि पोराकडे टक लावून बघणाऱ्या बायकांनी "नाव काय ठेवलंत?" म्हणून विचारलं, तर उत्तर ऐकून त्यांचं कौतुक जागच्या जागी विझलं पाहिजे. कौतुक विझलं की दृष्ट लागत नाही.

नुसत्या नावावर तिचं समाधान झालं नाही. मला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं. शेजारच्या काकूंनी "कुणाचं गं बाई हे टाकलेलं पोर!" म्हणत उचललं आणि आईने त्यांच्याकडून मला पसाभर तांदळाला विकत घेतलं. मूल आपल्या पोटचं नाहीच, बाजारातून आणलंय, असं देवाला भासवायची ही जुनी रीत. पुढे नोकरीत पगारवाढीचा आकडा ऐकला की मला वाटायचं, आजीने ठरवलेला भाव साहेबांपर्यंत पोचलेला दिसतोय.

देवाच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा हा उद्योग काही एकट्या आमच्या आजीचा नव्हता. दगडू, केरू, कचरू, उकिर्डा, फकिरा अशी नावं गावोगाव होती. देवापाशी भीक मागून मिळवला तो भिकाजी. मुलाचं नाक टोचून नथ घातली, म्हणजे यमाला वाटावं ही मुलगी आहे, की झाला नथू. तिन्ही लोकांचा हिशेब ठेवणारा चित्रगुप्त असल्या युक्तीला फसेल, याची आपल्या पूर्वजांना एवढी खात्री कशी होती, याचा मी बराच विचार केला. मग एका कचेरीत माझ्या अर्जाचं काम पडलं. यादीत 'धोंडो'च्या जागी 'धोंडी' छापलं होतं. मी समोर सदेह उभा असताना बाईंनी यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "या नावाचे गृहस्थ आलेले नाहीत." तेव्हा पटलं. वरचा कारभारही यादीवरच चालत असणार, आणि यादीवर चालणाऱ्या कारभारातून माणूस सुटू शकतो.

युक्ती लागू पडते याचा पुरावा मागाल, तर मी महर्षी कर्व्यांकडे बोट दाखवतो. धोंडो केशव कर्वे, जन्म 18 एप्रिल 1858, मृत्यू 9 नोव्हेंबर 1962. एकशे चार वर्षं! यमाचे दूत एक शतकभर हात हलवत परत गेले. नावाने हा माणूस इतका झाकला होता, की तो पुष्कळदा माणसांनाही धड दिसायचा नाही. मुरुडहून सह्याद्री चढून चालत साताऱ्याला परीक्षेला गेले, तर तिथल्या लोकांनी "तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस" म्हणून परत पाठवलं. पुढे 1893 साली त्यांनी विधवेशी लग्न केलं, गावाने वाळीत टाकलं. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, 1916 मध्ये महिला विद्यापीठ उभं केलं, आणि ज्यांनी नावं ठेवली होती त्यांच्या नाती त्यात शिकून बाहेर पडेपर्यंत स्वारी जिवंत. शंभराव्या वर्षी भारतरत्न घेतलं, आणि वर चार वर्षं राहिले. एवढं करूनही पाळण्यांमध्ये धोंडोंची लाट आली नाही. लोक त्यांना अण्णा म्हणाले, महर्षी म्हणाले. धोंडो तेवढं पुतळ्याखालच्या पाटीसाठी ठेवलं.

नियम मोडला की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. धोंडजी वाघ. टिपूच्या कैदेत होता. 1799 साली श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा सुटला, फौज जमवली, मुलूख मारला आणि स्वतःला 'दोन्ही लोकांचा राजा' म्हणवून घेऊ लागला. नाव धोंडजी आणि किताब हा! आमच्या आजीने कपाळावर हात मारला असता. नावाने कमावलेलं संरक्षण किताबाने घालवलं. 10 सप्टेंबर 1800 रोजी इंग्रज फौजेने त्याला गाठून मारलं. त्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली. पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं, त्याचा मोठा बोलबाला झाला. पण हात त्याने आधी आमच्या धोंडजीवर साफ केला होता, हे कुणी सांगत नाही.

उत्तर हिंदुस्थानात हे नाव घेऊन फिरणं हा वेगळाच प्रकार आहे. दिल्लीच्या एका हॉटेलात काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "नाम?" मी म्हटलं, "धोंडो." तो तत्परतेने म्हणाला, "क्या ढूँढना है, सर?" मी म्हटलं, "नाम है." तो म्हणाला, "किसका नाम ढूँढना है?" खोलीची किल्ली हातात पडेपर्यंत त्याने माझं पाकीट, माझा चष्मा आणि माझी हरवलेली मंडळी, असं सगळं शोधायची तयारी दाखवली होती. वडील असते तर धन्य झाले असते. काशीखंडातला धातू त्या पोराला तोंडपाठ होता! तेव्हापासून मला 1857 च्या इतिहासातलं एक कोडंही सुटल्यासारखं वाटतं. नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत. इंग्रजांनी त्यांच्यावर लाख रुपयांचं इनाम लावलं, हिमालयाच्या पायथ्यापर्यंत माणसं धाडली, वर्षानुवर्षं भलत्यांनाच पकडून आणलं. नानासाहेब काही सापडले नाहीत. उत्तरेतल्या शिपायांना जाहीरनामा वाचून दाखवला असेल, "धोंडोपंत!" आणि ते म्हणाले असतील, "ढूँढ तो रहे हैं, साहब."

साहेबाच्या तोंडी तर नावाचं आणखी काहीतरी होतं. कंपनीत असताना परदेशातल्या एका ग्राहकाने पहिल्याच फोनवर मला 'डोन्डो' केलं, दुसऱ्या फोनवर 'डॉन'. झालं. ऑफिसातली पोरं मला डॉन म्हणू लागली. शिपाई चहा आधी माझ्या टेबलावर ठेवू लागला. आयुष्यात प्रथमच माझ्या नावाला वजन आलं, म्हणजे मूळचं होतं त्याहून निराळं. पण आजीचं रक्त अंगात. दृष्ट लागेल या भीतीने मी लोकांना पुन्हा धोंडो म्हणायला लावलं. चहा पूर्ववत उशिरा येऊ लागला.

एक गंमत माझ्या फार उशिरा लक्षात आली. मराठी वाचकाला हे नाव परकं नाही, फक्त ते मधल्या जागेवर बसलेलं असतं. 'गोट्या' लिहिणारे ना. धों. ताम्हनकर, आणि कवी ना. धों. महानोर. एक नारायण, एक नामदेव, पण दोघांच्याही पाठीशी एकेक धोंडो उभा! गोट्याच्या खोड्यांवर वाढलेल्या आणि पळसखेड्याच्या रानातल्या कवितांनी वेडावलेल्या पिढ्यांनी हे 'धों.' हजारदा वाचलं असेल. उलगडून कुणी पाहिलं नाही. गाण्यातही आमची शाखा आहे. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी जयपूर-अत्रौली घराण्याच्या, केसरबाई केरकरांच्या शिष्या. आणि पाऊस लांबला की गावात अंगाला लिंबाचा पाला बांधून दारोदार फिरतो, लोक ज्याच्या डोक्यावर पाण्याच्या घागरी ओततात, तो कोण? धोंडी! पाऊस पाडायला आम्ही, तो पडल्यावर भजी खायला आरव.

लग्नात नावाची कसोटी लागली. बायकोच्या मैत्रिणी तिच्या कानात कुजबुजल्या, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं, "पायावर धोंडा पाडून घेतलास की गं!" नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी मान खाली घातली होती. ती मात्र ठसक्यात म्हणाली:

"नदीला आला पूर, वाहून गेली माती,
धोंडोपंत तेवढे उरले माझ्या हाती."

मांडव हसला. हे कौतुक होतं की तक्रार, हे मी अजून विचारलेलं नाही. सासूबाईंनी मात्र अधिक महिना आला की कधी हात आखडता घेतला नाही. तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन आणि कणकेत पुरण भरून वाफवलेले धोंडे. वाढताना त्या दरवेळी म्हणत, "घ्या, धोंडोपंत, धोंडे घ्या," आणि दरवेळी एकट्याच हसत. पुरणावर तूप सढळ असल्यामुळे मीही हसत असे.

हसण्यावारी नेता येत नाही अशीही या नावांची एक बाजू आहे. आमच्या घरात धोंडो हे पांघरूण होतं. ज्यांच्यावर ते वरून लादलं गेलं त्यांच्यासाठी तो डाग होता. शूद्राचं नाव किळस वाटावं असं असावं, असं मनुस्मृतीच सांगते. दया पवारांनी 'बलुतं' लिहिलं ते आपल्याच कागदोपत्रीच्या नावाशी, दगडू मारुती पवारशी, संवाद मांडून. सुशिक्षित दया आणि वस्तीतला दगडू समोरासमोर बसतात, आणि एकाच माणसाची दोन नावं एकमेकांकडे बघत राहतात. आणि मुलींचं काय? मुलगा जगावा म्हणून धोंडू, आणि मुली पुरे झाल्या म्हणून नकुशी. 2011 साली सातारा जिल्ह्यात दोनशेहून अधिक नकुशींनी समारंभाने नवी नावं घेतली. नाव वाईट ठेवण्याची युक्ती तीच. मुलाच्या वेळी ती देवाला फसवायला वापरली. मुलीच्या वेळी देवाला निरोप द्यायला.

हे नाव मग गेलं कुठे? लोक म्हणतात, फॅशन बदलली. मला ते पटत नाही. दगडूही तितकाच जुना, पण 2014 मध्ये 'टाइमपास'मध्ये तो नायक झाला, पोरींनी शिट्ट्या मारल्या. तरी त्या वर्षी जन्मलेल्या एखाद्या बाळाचं नाव दगडू ठेवल्याचं मी ऐकलं नाही. खरं कारण दवाखान्यात आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात हजारातली दोनशेच्या आसपास बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. आज तो आकडा तिसाच्या आत आलाय. 1977 साली देश देवीमुक्त ठरला. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांना सुई आली. ज्या कामासाठी धोंडोची नेमणूक झाली होती ते काम लशीने घेतलं, आणि आम्ही सेवानिवृत्त झालो. एखादं नाव मुलं जगू लागली म्हणून मरावं, यापेक्षा चांगलं मरण नावाला तरी कोणतं येणार? त्यामुळे माझ्या नावाचा वंश खुंटला याचं मला दुःख नाही. कधीमधी वाईट वाटतं ते एवढंच, की निरोपसमारंभ झाला नाही.

तो व्हावा म्हणून मी एक प्रयत्न केला. 2023 साली पुन्हा अधिक श्रावण आला, 2004 नंतर एकोणीस वर्षांनी, आणि त्यातच माझ्या भाचीला मुलगा झाला. माझाच महिना! त्यात रास निघाली धनु. अक्षरं भ, ध, फ, ढ. मला आकाशातून बोलावणं आल्यासारखं वाटलं. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावांचा पाऊस पडत होता: ध्रुव, धैर्य, धनुष, भार्गव. मी लिहिलं, "धोंडो?" सगळा ग्रुप गप्प. दोन निळ्या टिका उमटल्या. थोड्या वेळाने एका मावशीने "सुप्रभात" लिहून गुलाबाचं फूल टाकलं, तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते.

भाचीने मग फोन केला. "मामा, रागावू नकोस हं. पण नावाला काहीतरी मीनिंग हवं ना." मी म्हटलं, "मीनिंग आहे की. धोंडा." ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी." शेवटी ध्रुवांश ठरलं. बारशाला आत्याने पाळण्यात वाकून कानात 'कुर्रर्र' केलं, पाठीत धपाटे खाल्ले, आणि ध्रुवांशने दचकून भोकाड पसरलं. इतकं तेजस्वी नाव, इतकं गोरंगोमटं पोर. बायका कौतुकाने बघत होत्या, आणि मला उगीचच आजीची आठवण येऊन धास्ती वाटत होती.

ती धास्ती भाचीलाही वाटत होती, हे रात्री कळलं. बारशाचे फोटो तिने इन्स्टाग्रामवर टाकले. पाळणा दिसत होता, फुलं दिसत होती, जरीचं कुंची-झबलं दिसत होतं. आणि बाळाच्या चेहऱ्याच्या जागी एक पिवळं, गोल, हसरं तोंड चिकटवलेलं. मी फोन केला. "अगं, पोराला झाकलंस का?" ती म्हणाली, "मामा, इतके लोक बघतात. नजर लागते." मी विचारलं, "ते पिवळं तोंड बघून नजर लागत नाही?" ती म्हणाली, "त्याला कशाला लागेल? ते तर कुणाचंही असतं."

मला एवढा आनंद झाला, की मी तिला दोनदा तेच बोलायला लावलं. आमची आजी इंग्रजी पहिलीसुद्धा शिकली नव्हती आणि भाचीने व्यवस्थापनाची पदवी घेतलीय, पण दोघींचं गणित एकच. कौतुक तर करायचं, पण ज्याचं कौतुक करायचं तो नेमका कोण हे जगाला कळू द्यायचं नाही. आजीकडे स्टिकर नव्हतं. तिने नाव चिकटवलं, आणि तिचं स्टिकर निघायचं नाही, एवढाच काय तो फरक. मी हे सगळं भाचीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हो मामा," आणि बाळ रडतंय म्हणून फोन ठेवला. बाळाचा आवाज मला काही ऐकू आला नाही.

ध्रुवांश आता चालतो, पळतो, हाताला लागेल ते फेकतो. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. आत काहीतरी धडामकन पडलं, बहुधा डाळीचा डबा. पाठोपाठ भाचीचा आवाज आला, "अरे धोंड्या!"

मी सवयीने "ओ" दिली. आतून त्यानेही दिली.